औषध तर खरंच होतं ना

या भाऊबिजेला दादाकडे ओवाळून झालं होतं. निरांजनातलं तूप संपत आलं होतं आणि इंदूरच्या सुदामा नगरातल्या त्या घरात सणाच्या जेवणानंतर येते तशी जड शांतता पसरली होती. वहिनी उरलेले अनारसे डब्यात रचत होती. आई दिवाणावर भिंतीला टेकून माळ ओढत होती. भाचा टीव्हीसमोर जमिनीवर मांडी घालून बसला होता आणि कंट्रोलरवर त्याचे अंगठे सरसर फिरत होते. खेळ मॉर्टल कॉम्बॅट, २०२३ साली आलेला, सगळी कथा नव्याने मांडणारा. मारामारी थांबून मधली गोष्ट सुरू झाली होती. एका राजकन्येला भयंकर रोग जडलाय. तो उसळला की तिचे गाल फाटून आतून सुळे बाहेर येतात. तिची आई तिथली सम्राज्ञी, आणि जवळच एक राजवैद्य, मऊ आवाजाचा, अदबीने मान झुकवणारा. त्याच्या औषधाने राजकन्येचा चेहरा पुन्हा माणसाचा होतो. मी त्याला लगेच ओळखलं. वय उतरवलं होतं, कपडे बदलले होते, तरी ओळखलं. "हा बदमाश आहे बरं," मी म्हणाले. "माहितीये आत्या, शांग त्सुंग," भाचा म्हणाला. मग त्याने खेळ थांबवला, माझ्याकडे वळला आणि विचारलं, "पण औषध तर खरंच होतं ना?"

दादा माझ्या शेजारी सुपारी कातरत बसला होता. त्याचा अडकित्ता थांबला.

मी काहीच बोलले नाही. दादाने अडकित्ता ताटात ठेवला, अर्धवट कातरलेली सुपारी तशीच सोडली आणि उठून गॅलरीत गेला. भाच्याने दोघांकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा खेळाला लागला. एवढंच झालं. पण त्या प्रश्नाने मला गेले कित्येक दिवस सोडलेलं नाही. भांडी घासताना, ऑफिसच्या बसमध्ये, रात्री दिवा मालवल्यावर, तो सतरा वर्षांचा निर्मळ आवाज येतो. औषध तर खरंच होतं ना.

शांग त्सुंगची आणि माझी ओळख १९९६ ची. आम्ही तेव्हा रामबागेत राहायचो. दादा चौदाचा, मी नऊची. राजवाड्याच्या मागच्या एका बोळात, घड्याळवाल्याच्या आणि बांगडीवाल्याच्या मधे एक लांबट खोली होती. तिला सगळे पार्लर म्हणायचे. आत चार मशिनी. दारावर मळकट निळा पडदा. पडदा बाजूला केला की बिडीचा धूर, ओल्या गोणपाटाचा वास आणि मशिनींच्या पाठीमागून येणारी तापलेल्या धुळीची ऊब एकदम अंगावर यायची. रुपयाला एक टोकन. दादाची टोकनं सांभाळायचं काम माझं. मुठीत घट्ट धरून धरून हाताला धातूचा आंबूस वास लागायचा, तो घरी पोचेपर्यंत जायचा नाही. मुली तिथे येत नसत. मला कोणी हाकलत नव्हतं ते दादामुळे, आणि मी खेळायला मागत नसे म्हणूनही. एका उलट्या खोक्यावर उभी राहून मी फक्त बघायचे.

त्या खेळाची नशा आजच्या मुलांना सांगून कळणार नाही. बाकीच्या मशिनींत रंगवलेली चित्रं मारामारी करायची. इथे खरी माणसं होती. मिडवे कंपनीच्या चौघांच्या चमूने, एड बून आणि जॉन टोबायस हे त्यांतले प्रमुख, १९९२ मध्ये हा खेळ काढला तेव्हा खऱ्या नटांना कॅमेऱ्यासमोर उभं करून त्यांच्या लाथाबुक्क्या टिपल्या होत्या. आम्हाला यातलं तेव्हा काही ठाऊक नव्हतं. आम्हाला एवढंच दिसायचं की पडद्यावरच्या माणसाच्या अंगावर घडी पडलेला कापडाचा कपडा आहे आणि मार बसला की त्याचं रक्त उडतं. सात लढवय्ये, त्यांतला एक तुम्ही. बाकी सहांना हरवायचं, मग स्वतःच्याच जुळ्या रूपाला, मग दोघादोघांशी लागोपाठ, मग चार हातांचा राक्षस गोरो, आणि सगळ्यात शेवटी, बारावा, हा म्हातारा जादूगार. सगळी स्पर्धा त्याचीच. बेट त्याचं, महाल त्याचा, पंच तोच.

त्यातलं अंगण मला आजही जसंच्या तसं दिसतं. लढत समोर चालू असते आणि मागे, बरोबर मध्यभागी, तो सिंहासनावर बसलेला. पांढरे पातळ केस, लांब मिशा, पायघोळ झगा. तुमची त्याच्याशी लढत अजून कितीतरी लांब असते. तो नुसता बघत असतो. फेरी संपली की टाळ्या वाजवतो. कोणीही जिंको, टाळ्या वाजवतो. खेळणाऱ्या पोरांचं त्याच्याकडे लक्ष नसायचं, त्यांचे डोळे समोरच्या दोघांवर. मला खेळायचं नसल्यामुळे मी मात्र त्यालाच बघायचे. त्या टाळ्यांचं मला फार भय वाटायचं. रागावलेल्या माणसाचं भय वेगळं, ते शाळेत आणि घरी माहीत होतं. हा खूश होता. सगळ्यांवर सारखाच खूश.

दादा कायम लिऊ कांग घ्यायचा. दोन महिन्यांच्या खटपटीनंतर एका गुरुवारी तो पहिल्यांदा शेवटच्या लढतीपर्यंत पोचला. पार्लरमधली सगळी पोरं मागे गोळा झाली, कोणीतरी दादाच्या खांद्यावर हात ठेवला, "भिया, आराम से." म्हातारा समोर येऊन उभा राहिला. त्याने जळत्या कवट्या फेकल्या, दादाने त्या चुकवल्या. आणि मग म्हाताऱ्याचं अंग विरघळल्यासारखं झालं आणि समोर दुसरा लिऊ कांग उभा राहिला. दादाचा हात स्टिकवर क्षणभर गोठला. तेवढ्यात त्या दुसऱ्या लिऊ कांगने हवेत झेप घेऊन लाथ मारली आणि खेळ संपला. घरी येताना दादा कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपर्यंत, होळकरांच्या त्या समाध्यांपर्यंत, एक शब्द बोलला नाही. मग म्हणाला, "माझीच लाथ मारली त्याने मला."

खूप वर्षांनी वाचलं की त्या पहिल्या खेळात लिऊ कांग आणि म्हातारा शांग त्सुंग ही दोन्ही कामं एकाच नटाने केली होती, हो-सुंग पाक याने. नायकाच्याच अंगावर पांढरे केस आणि झगा चढवलेला. वाचून मी बराच वेळ तशीच बसले होते.

रूप बदलणारा खलनायक आपल्याला नवा नाही. मारीच हरीण झाला, रावण जोगी होऊन दारात उभा राहिला. रामबागेत लहानपणी बहुरूपी यायचा, कधी फौजदार होऊन, कधी पोस्टमन. आई त्याला ओळखूनही घाबरल्यासारखं करायची आणि सुपातून धान्य द्यायची. बहुरूप्याचं रूप उतरलं की खाली आपल्यासारखाच एक भुकेला माणूस असायचा. शांग त्सुंगचं तसं नाही. तो दुसऱ्याचा जीव शोषून घेतो, तेव्हाच त्याला त्याचं रूप मिळतं, आणि शोषला नाही तर तो म्हातारा होत जातो. म्हणजे त्याच्यावरही कसलीतरी टांगती तलवार आहे. १९९३ च्या दुसऱ्या खेळात तो हरून आपल्या मालकापुढे, शाओ कानपुढे, उभा राहतो. मालक त्याला मारणार असतो. तो तिथेही बोलून सुटतो. या लढवय्यांना आपल्या मुलखात ओढून आणायची नवी युक्ती सुचवतो आणि शिक्षेऐवजी तारुण्य मिळवतो. या पात्राची खरी ताकद त्या जळत्या कवट्यांमध्ये कधीच नव्हती. समोरच्याला काय हवंय हे त्याला कळतं, आणि ते तो देतो.

बाबांना दमा होता. मिलमध्ये कापसाच्या धुळीत वीस वर्षं काढलेली छाती ती. मिल बंद पडल्यावर ते क्लॉथ मार्केटमधल्या एका पेढीवर हिशेब लिहायला जायचे, पण धूळ छातीत राहिलीच. रात्री तीनच्या सुमाराला ते उठायचे. खाटेच्या कडेला बसायचे, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे कानांपर्यंत उचलून, आणि प्रत्येक श्वासाला छातीतून शीळ निघायची, लांबून मालगाडी येत असावी तशी. मी आणि दादा अंधारात डोळे मिटून पडलेले असायचो. दोघंही जागे आहोत हे दोघांनाही माहीत असायचं. डॉक्टरांनी पंप लिहून दिला होता. तो कपाटात पडून होता, कारण पंपाची सवय लागते, एकदा तोंडाला लावला की सुटत नाही, असं सगळा रामबाग म्हणायचा.

अशात त्या वैद्याचं नाव घरात आलं. दादाच म्हणाला, छत्र्यांजवळ एक वैद्यजी बसतात, मराठी आहेत, माझ्या मित्राच्या बाबांना गुण आला. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे गेलो. खोली स्वच्छ होती. पितळी खल घासून लखलखीत केलेला, कोनाड्यात धन्वंतरीचा फोटो, त्याला ताजा हार. वैद्यजींनी बाबांच्या मनगटावर तीन बोटं ठेवली आणि डोळे मिटले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग अगदी हळू म्हणाले, रात्री तीनला उठता. दोन उश्या लागतात. भावाशी बोलणं तुटलंय, ते दुःख छातीत बसलंय. आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. काकांबद्दल बाहेर कोणालाच माहीत नव्हतं. बाबांनी मान खाली घातली आणि ती वर केली तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा मोकळा झाला होता. आपलं कोणीतरी ऐकून घेतलंय असा.

वर्तमानपत्राच्या चौकोनी तुकड्यांत बांधलेल्या चौदा पुड्या. मातकट पांढरी पूड, सकाळ-संध्याकाळ मधातून. आठवड्याचे चाळीस रुपये. बाबांच्या पगारात चाळीस रुपये म्हणजे थोडेथोडके नव्हते, आईने दूध अर्धा लिटरने कमी केलं. आणि तिसऱ्या रात्री शीळ आली नाही. मी जागी झाले, तीन वाजले असावेत, तर आई बाबांच्या खाटेशेजारी जमिनीवर बसलेली. शीळ ऐकू येत नाही म्हणून घाबरून उठली होती. बाबांच्या नाकाशी हात धरून बघत होती. बाबा शांत झोपले होते. ती सकाळपर्यंत तशीच बसून राहिली.

त्या हिवाळ्याइतके सुखाचे दिवस आमच्या घराने त्याआधी पाहिले नव्हते, नंतरही नाहीत. रात्री जेवल्यावर बाबा आम्हाला सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात न्यायचे, चालत, वाटेत कुठेही न थांबता. गराडूच्या, म्हणजे तळलेल्या कंदाच्या गरम फोडींवर जिरावन मसाला आणि लिंबू, हात भाजायचे आणि बाबा फुंकर घालून एकेक फोड मला द्यायचे. फुंकर घालायचे! ज्या माणसाला दिवा फुंकून विझवता येत नव्हता त्याच्या फुंकरीचं मला केवढं अप्रूप होतं. मार्चमध्ये रंगपंचमीला ते आम्हाला गेर, रंगांची मिरवणूक, बघायला राजवाड्यावर घेऊन गेले. टँकरमधून रंगाचे फवारे उडत होते, गुलालाने आकाश दिसेनासं झालं होतं, आणि त्या लाल धुळीत बाबा उभे होते, तोंड वर करून, छातीभर श्वास घेत. दादा त्यांच्याकडे बघत होता. गेरीकडे त्याचं लक्षच नव्हतं. मला तेव्हा वाटलं तो आनंदाने बघतोय.

मग बाबांचा चेहरा गोल झाला. नातेवाईक म्हणाले, छान, बाळसं आलं. भूक वाढली, तहान वाढली. हाताला नुसता खाटेचा दांडा लागला तरी काळानिळा डाग उमटायचा, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती. नागपंचमीच्या सुमाराला दादा पुड्या आणायला गेला तर खोलीला कुलूप. शेजारच्याने सांगितलं, परवा सामान बांधून गेले. कुठे ते कोणालाच माहीत नव्हतं. घरातल्या पुड्या संपल्या आणि चौथ्या दिवशी बाबा सकाळी उठूच शकले नाहीत. उलट्या, अंगातलं सगळं बळ गेलेलं, हात गार. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने बाबांचा चेहरा बघितला, दंडावरचे डाग बघितले आणि आईला पहिला प्रश्न विचारला, "कुठली पुडी चालू होती?"

स्टेरॉइड. गोळ्या कुटून पुडीत घातलेल्या. डॉक्टरांनी आईला कागदावर मूत्रपिंडं काढून दाखवली आणि त्यांच्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी. शरीर असं द्रव्य स्वतः तिथे तयार करतं. बाहेरून महिनोन्महिने मिळत राहिलं की त्या ग्रंथी काम सोडून देतात. आणि बाहेरचं एकदम थांबलं की शरीराकडे स्वतःचं काहीच उरलेलं नसतं. घाबरून ज्या पंपाला आम्ही हात लावला नाही, त्यातही बहुधा याच जातीचं औषध असतं. पण मायक्रोग्रॅममध्ये, थेट फुप्फुसात. पुडीतलं मिलिग्रॅममध्ये, सगळ्या अंगात. बाबा वाचले. पुढे अकरा वर्षं पंपावर आणि मधुमेहाच्या गोळ्यांवर काढली, हाडं ठिसूळ झालेली. एकदा न्हाणीघरात नुसते वळले तर खुबा मोडला.

आईने त्या वैद्याला कधी शिव्या दिल्या नाहीत. हे मला आजवर सोसलेलं नाही. मी तावातावाने बोलायला लागले की ती एवढंच म्हणायची, "झोपले होते गं ते."

शांग त्सुंग त्यानंतरच्या खेळांतून येत राहिला. २००२ मध्ये त्याने क्वान ची नावाच्या दुसऱ्या मांत्रिकाशी हातमिळवणी केली आणि सुरुवातीलाच लिऊ कांगला मारलं. जवळ जाताना रूप घेतलं ते कुंग लाओचं, लिऊ कांगच्या मित्राचं. दादाने ते कुठल्याशा सायबर कॅफेत बघितलं आणि घरी येऊन मला सांगताना त्याचा आवाज बारीक झाला होता. मग २०२०. इंदूर सगळं बंद, पोलिसांच्या गाड्यांचे भोंगे आणि रुग्णवाहिका, आणि दादाकडे अडकून पडलेली मी. भाचा तेव्हा बाराचा. त्या वर्षीच्या मे महिन्यात आधीच्या खेळाला जोडून एक नवी गोष्ट आली होती आणि तिचा कर्ताधर्ता शांग त्सुंगच. चेहरा आणि आवाज कॅरी-हिरोयुकी तागावा या नटाचा, १९९५ च्या चित्रपटातही शांग त्सुंग झाला होता तोच. काय आवाज आहे त्याचा! एकेक शब्द रेशमाच्या घडीसारखा उलगडतो. तो देवांना सांगतो, मला भूतकाळात नेऊ द्या, काळाच्या देवतेचा मुकुट मी मिळवून देतो. आणि खरंच मिळवतो. वाटेत प्रत्येकाला त्याची गरज पडते, आणि प्रत्येक वेळी त्याची मदत खरोखर उपयोगी पडते. शेवटी खेळणाऱ्यालाच विचारतात, तू कोणाकडून लढणार, लिऊ कांगकडून की शांग त्सुंगकडून? भाच्याने शांग त्सुंग निवडला. मी विचारलं, का रे? तर म्हणाला, "सगळं काम तर त्यानेच केलं ना."

आणि आता हा २०२३ चा. इथे लिऊ कांग काळाचा रखवालदार होऊन सगळा इतिहास नव्याने घडवतो. शांग त्सुंगला तो मारत नाही. त्याच्या हाती सत्ता येणार नाही एवढंच बघतो, आणि या नव्या जगात शांग त्सुंग खोटी औषधं विकत गावोगाव फिरणारा एक भोंदू होऊन बसतो. मग दमाशी नावाचं एक अनोळखी कोणीतरी त्याला भेटतं, ताकद देऊ करतं. तो राजवाड्यात पोचतो. राजकन्या मिलिना, सिंहासनाची वारस, तिला तर्कट रोग. तो झालेल्यांना त्या राज्यात वस्तीबाहेर टाकतात, म्हणून सम्राज्ञी सिंडेलने हे सगळ्यांपासून लपवलेलं. खोटी औषधं विकणारा हा माणूस तिच्यासाठी औषध करतो आणि ते लागू पडतं. रोग जात नाही, दबलेला राहतो. पुरे झालं. त्या दिवसापासून आईचा जीव त्याच्या मुठीत. खोटं औषध विकत होता तोवर लोक त्याला हुडकून काढू शकत होते. खऱ्या औषधाने त्याला राजवाड्यात खोली मिळाली. ज्याने कोणी ही कथा लिहिली त्याला अशी एखादी पुडी कुठेतरी भेटलेली असणार असं मला राहूनराहून वाटतं. आणि तो दमाशी कोण, तर दुसऱ्या एका काळातला स्वतः शांग त्सुंगच. स्वतःच येऊन स्वतःच्या कानाशी लागलेला.

त्या संध्याकाळी दादाच्या मागोमाग मी गॅलरीत गेले. खाली मुलं उरलेले भुईनळे लावत होती. दादा कठड्याला धरून उभा होता. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांत न बोललेली गोष्ट त्याने तिथे सांगितली, माझ्याकडे न बघता.

पार्लरला जायच्या वाटेवरच वैद्याची खोली होती. बाबा तिथे जायच्या महिनाभर आधीपासून दादा एकटा वैद्याला ओळखत होता. खिशात पैसे नाहीत म्हणून तो छत्र्यांपाशी रेंगाळत होता तेव्हा वैद्याने त्याला आत बोलावलं, शेंगदाण्याचा लाडू दिला. कोणाचा रे तू? बाबा काय करतात? मग दर गुरुवारी. लाडू, गप्पा, आणि निघताना हातावर दोन रुपये. "जा, खेळ जा." दादाशी इतकं मन लावून त्या वयात कोणीच बोलत नव्हतं. घरात आजारपण, शाळेत मार. त्याने सगळं सांगितलं. तीन वाजता उठणं सांगितलं, दोन उश्या सांगितल्या, काकांशी झालेलं भांडण सांगितलं. वैद्य ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, बाबांना एकदा आण. मित्राचे बाबा वगैरे कोणी नव्हतेच. आणि मग त्या दिवशी तो आमच्यासोबत त्या खोलीत उभा होता, आणि वैद्याने डोळे मिटले, आणि दादाचे शब्द एकेक करून त्याच्या तोंडातून यायला लागले.

"मला तिथेच कळलं," दादा म्हणाला. "नाडीबिडी काही नाही. मीच बोललेलो. आई रडत होती आणि मी गप्प उभा होतो. वाटलं घरी जाऊन सांगू. मग दोन दिवस धीर झाला नाही. आणि तिसऱ्या रात्री बाबा झोपले."

खाली एक भुईनळा चांगला उंच गेला, मुलं ओरडली.

"नऊ वर्षांची होतीस तू. तुझ्या मुठीतली टोकनं त्याच्याच पैशांची होती."

मला माझ्या हाताचा तो आंबूस वास आठवला. रंगपंचमी आठवली, लाल धुळीत तोंड वर केलेले बाबा आणि त्यांच्याकडे बघणारा दादा. चौदा वर्षांच्या मुलाने त्या क्षणी काय निवडायचं होतं, मला सांगता येत नाही. मी इतकी वर्षं आईवर चिडत आले, आणि दादा माझ्या बाजूला बसून ते सगळं ऐकत होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो रडत नव्हता, पण शर्ट घामाने ओला झाला होता, कार्तिकातल्या गारव्यात.

आम्ही आत आलो. भाच्याचा खेळ पुढे सरकला होता, कुठल्याशा जंगलात लढाई चालू होती. मी त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि म्हणाले, "औषध खरं होतं रे. तुझ्या आजोबांनी घेतलं होतं तसलं." त्याने खेळ थांबवला. मी जमेल तेवढं सांगितलं, गॅलरीतलं सोडून. ते सांगायचं की नाही हे दादाचं दादाने ठरवायचं. भाच्याने मधे काही विचारलं नाही. शेवटी म्हणाला, "म्हणजे बरं वाटलं होतं त्यांना? किती दिवस?"

"आठ महिने," दादा म्हणाला. त्याने ताट पुढे ओढलं होतं आणि अर्धी राहिलेली सुपारी पुन्हा हातात घेतली होती.

दिवाणावरून आईचा आवाज आला. डोळे मिटलेलेच होते. आम्हाला वाटलं होतं तिला झोप लागली असेल.

"नऊ. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवसापासून नागपंचमीपर्यंत," ती म्हणाली, आणि तिने पुढचा मणी ओढला.